'बलुतं' पुन्हा वाचताना

दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन रविवार मिस्सेनंतरची गर्दी चर्चच्या आवारातून लवकर पांगत नाही. मागे एकदा जून महिन्यात, अशाच एका रविवारी, अकोले तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी आम्हांला थांबवले. मुलगा शेजारी खाली मान घालून उभा होता. "गुरुजी, ह्याला कुठं घालू?" एवढाच त्यांचा प्रश्न. मुलाच्या वडिलांचे म्हणणे असे, की पोराने अकोल्याच्या कॉलेजात जावे, घरात एक तरी पदवीधर व्हावा. पोराच्या मनात आय. टी. आय.चा फिटर. आणि चाकणचा मामा फोनवरून सांगत होता, की दोन वर्षे कशाला वाया घालवता, उद्या गाडीत बसवून द्या, परवा कामाला लावतो.

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर येथे सांगण्यासारखे नाही. शिक्षकीपेशातला माणूस अशा वेळी जे बोलतो, तेच आम्ही बोललो. घरी आल्यावर मात्र कपाटातून दया पवार यांचे 'बलुतं' काढले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. कारण साधे होते. हा प्रश्न ज्या तालुक्यातून आला, त्याच तालुक्यातले ते पुस्तक आहे. दगडू मारुती पवार, म्हणजेच दया पवार, यांचा जन्म १९३५ साली अकोले तालुक्यातील धामणगावचा. त्यांचे हे आत्मकथन 'ग्रंथाली'ने १९७८ साली प्रसिद्ध केले आणि मराठी वाचकाला, विशेषतः पांढरपेशा वाचकाला, त्याने मुळापासून हलवले. स्वतःच्या समाजातल्या काहींनी 'आपली लक्तरे वेशीवर का टांगली' असेही लेखकाला विचारले. पुढे १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९६ च्या डिसेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुस्तक मात्र वाचले जात राहिले. हिंदीत ते 'अछूत' या नावाने गेले आणि २०१५ साली जेरी पिंटो यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

या पुस्तकाचे एक वाचन आमच्याकडे फार रूढ झाले आहे. शाळेच्या व्यासपीठावरून ते ऐकू येते, आणि खोटे कशाला बोला, आम्हीही ते वर्षानुवर्षे मुलांना ऐकवले आहे: बघा, महारवाड्यातला पोर, हालअपेष्टा सोसल्या, पण शिकला म्हणून तरला, तेव्हा तुम्हीही शिका. दलित आत्मकथनांचा असा 'शिडी'सारखा उपयोग करणे सोपे असते. या खेपेला वाचताना आमच्या ध्यानात आले, की 'बलुतं' असे काही सांगतच नाही. निदान इतक्या सरळपणे तर नाहीच.

पुस्तकाच्या नावापासूनच सुरुवात करावी. बलुते म्हणजे गावगाड्यात बारा बलुतेदारांना त्यांच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी मिळणारा धान्याचा वाटा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हेही बलुतेदारच. पण त्यांच्या हातात निदान एक कसब होते. महाराच्या वाट्याला आलेल्या कामाला कसब म्हणता येणार नाही. ते एक न संपणारे बांधलेपण होते. वेस राखायची, सरकारी सारा पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, मयताची वर्दी परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे, पाटलाची लाकडे फोडायची. बदल्यात बावन्न हक्कांचा अभिमान, हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी. किती कामाला किती मोबदला, हे कधीही ठरलेले नसे, आणि 'आज येत नाही' असे म्हणण्याची सोय तर नव्हतीच. याच वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते; कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे दया पवारांचे सारे बालपण या व्यवस्थेच्या आत गेले.

आपल्याकडे म्हण आहे: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. तीत हे काम कुठे बसते? महारकी ना शेती, ना व्यापार, ना नोकरी. जो समाज म्हणीतसुद्धा मोजला गेला नाही, त्याला 'परंपरागत व्यवसाय सोडू नका' असे सांगणाऱ्यांनी या पुस्तकाची पहिली पन्नास पाने तरी वाचावीत.

आता मुंबई. पवारांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते आणि कुटुंब नागपाड्याजवळच्या कावाखान्यात राहात असे. कावाखान्याची ही पाने पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने आहेत असे आमचे मत आहे. एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, बाहेर वेश्यावस्ती, दारूचे गुत्ते, तमाशा, मटका, आणि या सगळ्यांमधून वाट काढत पहाटेपासून चिंध्या, कागद, काचा वेचत हिंडणाऱ्या बायका. पुरुष गोदीत, गिरणीत किंवा हमालीवर. पण घर चालते ते बहुधा या बायांच्या पाठीवरच्या गाठोड्यावर. गावातल्या महारणीने जे सोसले त्याहून हे वेगळे आहे काय, हा प्रश्न लेखक उघड विचारत नाही. वाचकाला तो आपोआप पडतो. तरीही गावाकडचा माणूस मुंबईकडे ओढला जातोच, आणि तेही समजण्यासारखे आहे. गोदीत आठवड्याला किंवा महिन्याला पगार मिळतो, रोख मिळतो, आणि मुकादम कितीही दांडगा असला तरी तो पाटील नसतो. आंबेडकरांनी आपल्या लोकांना गावे सोडायला सांगितले त्यामागचे गणित हेच होते. आपल्यापैकी कित्येकांना स्थलांतर म्हणजे संकट वाटते. त्या पिढीला ते सुटकेचे दार वाटले.

पण ते दार एकाच बाजूने उघडत नाही, हेही पवार दाखवतात. वडिलांची गोदीतली नोकरी सुटते, कुटुंब गावी परतते, आणि परतल्यावर वाट्याला येते ती पुन्हा महारकीच. शहराने दिलेले शहरातच राहते. हा परतीचा प्रवास म्हणजे आमच्या मते या आत्मकथनाचा कणा आहे, आणि समीक्षकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. जातिव्यवस्थेचे चित्रण, भाषेचा रांगडेपणा, कबुलीतला धीटपणा यांवर भरपूर लिहिले गेले आहे. परतल्यावर घर कोणत्या अटीवर मिळते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

याच ठिकाणी एक दुसरे पुस्तक आठवते. 'बलुतं'च्या आधी पंधरा वर्षे, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात जातो, तेथे पैसा, वेळ आणि उमेद सगळे घालवतो, आणि शेवटी हात हलवीत गावी येऊन बसतो. कॉलेज-शिक्षणाच्या फोलपणावर मराठीत इतके प्रखर दुसरे लेखन नाही, आणि ते आम्हांला मनापासून आवडते. परंतु 'कोसला' आणि 'बलुतं' शेजारी-शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. पांडुरंगाला नापास होण्याची ऐपत आहे. त्याच्या मागे बापाची शेती आहे, वाडा आहे, गावात नाव आहे. तो परतला तर लोक हसतील, पण त्याला जेवायला मिळेल. दगडू नापास झाला असता तर? त्याच्या मागे वेसकराची घुंगूरकाठी होती. एकच कॉलेज, पण एकाला ते कंटाळवाणी धर्मशाळा आणि दुसऱ्याला नदीच्या पुरातला एकुलता एक दगड. 'शिक्षणाने काय होते' असे हल्ली कोणीही उठून म्हणतो. असे म्हणणाऱ्याच्या मागे काय उभे आहे, हे आधी पाहावे.

मग शिक्षणाने दगडूचे काय झाले? संगमनेरला वसतिगृहात राहून तो शिकला. (त्या काळी अकोल्यात महाविद्यालय नव्हते, संगमनेरलाही ते झाले १९६१ साली. आज अकोल्याच्या अगस्ती महाविद्यालयाच्या नावातच आंबेडकरी चळवळीतील दादासाहेब रूपवते यांचे नाव आहे. एवढे अंतर एका पिढीत कापले गेले, हे विसरू नये.) पुढे मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याला नोकरी मिळाली, कारकुनाची आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची. येथे वाचक क्षणभर थबकतो. बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढली, आणि शिकलेला मुलगा आला तो जनावरांच्या दवाखान्यात! लेखकाने यावर फार भाष्य केलेले नाही, आणि ते बरेच केले. फरक आहे तो पगाराच्या वहीत. तेथे त्याचे नाव आहे, आकडा आहे, सहीची जागा आहे. पुढे रेल्वेच्या हिशेब-तपासणीच्या खात्यात त्याने आयुष्याची वर्षे काढली. दुसऱ्याचे आकडे तपासणारा माणूस झाला तो, ज्याच्या पूर्वजांचा मोबदला कधी आकड्यात मांडलाच गेला नव्हता.

आणि तरीही हा माणूस सुखी नाही. पुस्तकाची रचनाच ते सांगते. निवेदक दया पवार आहे, आणि त्याला आपली कहाणी सांगतो दगडू. एकाच माणसाचे हे दोन तुकडे, एक शिकलेला आणि एक मागे राहिलेला, समोरासमोर बसतात. काही टीकाकारांनी ही रचना कृत्रिम ठरवली. पुढेपुढे ती लेखकाच्या हातून निसटते आणि नुसती व्यक्तिचित्रांची माळ उरते, हेही खरेच आहे. पण आम्हांला ती युक्ती वाटत नाही. शिकून शहरात स्थिरावलेल्या आणि गावी गेल्यावर उंबऱ्यातच अवघडणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे. आमच्या नगर जिल्ह्यातील धर्मग्रामांमधून पुण्या-मुंबईला गेलेली किती कुटुंबे सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला येतात! त्यांच्यातल्या एखाद्या साहेब झालेल्या मुलाला चुलत्याच्या झोपडीत जेवायला बसलेले पाहावे. दया आणि दगडू तेथे एकाच ताटात जेवत असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत.

एवढे गौरवाने बोलल्यावर या पुस्तकाविषयीचे आमचे असमाधानही सांगितले पाहिजे. 'बलुतं'मध्ये हाताच्या कामाविषयी एक किळस भरून राहिली आहे. ती कोठून आली हे आपण पाहिलेच, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. गोदीत काम करणाऱ्या वडिलांची दारू आमच्या लक्षात राहते, त्यांचे काम राहात नाही. जहाजाची डागडुजी करणाऱ्या गोदीत माणूस काय काय शिकत असेल, लोखंडाशी त्याची कशी ओळख होत असेल! त्या कसबाला पुस्तकात फारशी जागा मिळाली नाही. परिणामी वाचकाच्या मनात दोनच बाजू उरतात, एकीकडे हलके काम आणि दुसरीकडे टेबलाची नोकरी. आमच्या समाजातल्या वडिलांनी हीच विभागणी मनोमन स्वीकारली आहे. म्हणूनच फिटर होऊ पाहणारा मुलगा त्यांना मागे गेल्यासारखा वाटतो.

अर्थात नुसते कसब असून भागत नाही, याचाही पुरावा मराठीत आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) कैकाडी कुटुंबाच्या हातात कसब आहेच. फोक तासून टोपल्या, कणग्या विणणे हे कोणालाही जमणारे काम नव्हे. पण गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या त्या कसबी माणसालाही वस्तूचा भाव ठरवता येत नाही, तो ठरवतो गावचा पाटील. कसब उत्तम, अटी बलुत्याच्याच. 'बलुतं' आणि 'उपरा' एकत्र वाचल्यावर आम्ही ज्या मताला आलो ते असे: कामाची प्रत केवळ कामावरून ठरत नाही, मोबदला आधी ठरला आहे काय, तो कागदावर आहे काय, आणि नको असेल तेव्हा 'नाही' म्हणता येते काय, यांवरून ती ठरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून मोजायला सांगितले आहे. गावगाड्याने नेमके उलटे केले. कामावरून माणूस मोजला, आणि मग त्या माणसावरून पुन्हा कामाला हलके ठरवले.

या कसोटीवर त्या बाईंच्या घरातल्या तीन सल्ल्यांकडे पाहिले तर काय दिसते?

मामाचा सल्ला ऐकायला सर्वांत सोपा. पण मामाच्या मनातली मुंबई आता राहिलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू संपले. न शिकलेल्या माणसाला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि युनियन देणारे ते शेवटचे मोठे दार. आज सिन्नर-चाकणला जी कामे चटकन मिळतात त्यांतली पुष्कळशी ठेकेदाराच्या हाताखालची असतात. कागद ठेकेदाराकडे, हजेरी त्याच्या मोबाइलवर, आणि 'उद्यापासून येऊ नकोस' हे सांगायला एक फोन पुरतो. यंत्र नवे असले तरी आम्हांला त्यात बलुत्याचा वास येतो. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर बांधव भातकापणीनंतर मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात, तेही याच बोलीवर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी कालव्यांनी श्रीरामपूर-राहात्याच्या उसाला गेले आणि डोंगरातली माणसे त्या पाण्यामागून खाली गेली, असे म्हटले तरी चालेल.

'मग गावातच राहा' असे सांगणारेही आहेत आणि त्यांचे काम मोठे आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचा जो ध्यास घेतला, त्यातून कित्येक गावांची दिवाळीनंतर उठणारी बिऱ्हाडे जागेवर राहिली. याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. पवारांनंतर तीस वर्षांनी त्याच तालुक्यात आलेली ही पद्मश्री कॉलेजाच्या वाटेने आलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. पण बाखर फादरांचे बांध असोत की राहीबाईंची बियाणे, दोन्हींना पायाखाली जमीन लागते. ज्याला ती नाही त्याला 'गाव सोडू नको' म्हणणे हे पांडुरंग सांगवीकराचा सल्ला दगडूला देण्यासारखे आहे.

वडिलांच्या हट्टाला आम्ही हसलो नाही. ज्या घरात कोणीच पदवीधर नाही, त्या घरात पदवी ही केवळ नोकरीची पायरी नसते. तहसील कचेरीत अर्ज स्वतः लिहिता येणे, साहेबासमोर बसून बोलता येणे, हेही तिच्यात येते. 'बलुतं' लिहिता आले ते शिक्षणामुळेच. तथापि दुसऱ्या गावी खोली घेऊन, तीन वर्षे तालुक्याच्या एस. टी.ची वाट पाहून हाती आलेल्या साध्या पदवीवर आज काय मिळते, हे त्या वडिलांनाही ठाऊक होते.

राहिला फिटर. आय. टी. आय.चा तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, आणि तिला १९६१ चा कायदा आहे. करार लेखी, विद्यावेतन ठरलेले, मुदत ठरलेली. कायदा मोडणारे मोडतात, शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलांकडून पूर्ण कामगाराचे काम काढून घेणारेही आहेत. पण मोडायला निदान एक कायदा आहे, बोट ठेवायला एक कागद आहे. बलुत्यात तेवढेही नव्हते. आणि पदवीचे दार त्याने बंद होत नाही. १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हातात पाना धरणाऱ्यासाठीही खुले आहे.

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी त्या बाईंना सांगितले, वडिलांनाही बोलावून घेतले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या बापानं मुंबईला हमाली केली, गुरुजी. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तुला काय व्हायचंय म्हणून." मुलाकडे पाहिले आणि फॉर्मवर सही करण्यासाठी आमच्याकडे पेन मागितले.

मुलाला आम्ही 'बलुतं' वाचायला दिले होते. दिवाळीत आला तेव्हा पुस्तक आणले नव्हते. अर्धेच वाचून झाले होते म्हणे, कावाखान्यापर्यंत. "सर, त्यांच्या वडलांचं गोदीत नक्की काय काम होतं, ते पुढं सांगितलंय का?" असे त्याने विचारले. पुढे वाच, एवढेच आम्ही म्हणालो.